तिसोवचा ठिपका

मुक्काम लूपटन, नेब्रास्का
सोमवार, ७ ऑक्टोबर १९९६

तिसोवच्या हावरानेक घराण्यातील समस्त हयात सभासदहो,

म्हणजे माझ्या भावा लॅडी, तू. सभासद आता दोनच उरलेत, त्यातली मी बोलणारी, तेव्हा श्रोतृवृंद तू एकटा. बसून घे.

आपल्या दोघांवर आणि आपल्या गावच्या एकूण एक्केचाळीस माणसांवर घोर अन्याय झाला आहे. नऊ वर्षं आपण एकमेकांशी बोलत नसलो तरी या अन्यायात तुझा वाटा माझ्याइतकाच आहे, तो तुला नाकारता येणार नाही. राज्याच्या रस्तेखात्यानं नव्या नकाशातून तिसोव गाळलं! ज्या जमिनीत आजोबांनी पहिला हिवाळा उंदरासारखा बिळात काढला, जिथं आजीनं बोहेमियाहून रुमालात बांधून आणलेली खसखस पेरली, ती जमीन आता सरकारी कागदावर कोरी. रोमन लोकांनी कार्थेज धुळीला मिळवलं, पण निदान स्वतः समुद्र ओलांडून येऊन मिळवलं. यांनी पेन्सिलीच्या मागच्या रबरानं काम उरकलं.

तू बरा असशीलच. गुडघा कसा आहे? मी उत्तम. हवा कोरडी आहे, मका बहुतेक ठिकाणी अजून उभाच आहे. अक्षर मोठं आहे ते विषय मोठा आहे म्हणून.

फोन का केला नाही म्हणशील. मागच्या नाताळात केला होता. तू उचललास, मी ‘लॅडी’ म्हटलं, आणि तू चार मिनिटं नुसता श्वास घेत राहिलास. श्वासाशी वाद घालता येत नाही. म्हणून पत्र.

तर मी नकाशाच्या सुनावणीला निघाले आहे. सुनावणी स्टॉकरला आहे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चारशे मैलांवर. आपल्या भागातली सुनावणी वेल्टनला होती, आठ सप्टेंबरला. मी आठला हजर झाले तर सभागृह रिकामं. ती तीनलाच उरकून टाकली होती! तारीख मुद्दाम इतक्या बारीक टायपात छापायची की नागरिकाला तीनचा आठ दिसावा, ही सत्तेची जुनी युक्ती आहे. मी डगमगले नाही. झाडूवाल्यासमोर वीस मिनिटं बोलले. तो रडला.

आता एक किरकोळ बाब. तुझी पिकअप माझ्याकडे आहे.

चोरी हा शब्द मनातसुद्धा आणू नकोस. काल चर्चच्या तळघरातलं सॉसेजचं जेवण आटोपून मी वर आले. योझेफा क्राटोच्विलनं विचारलं, “बाई, एवढ्या घाईनं कुठं?” मी म्हटलं, “इतिहासाकडे.” ती म्हणाली, “बरं, मग खसखशीचे गोड पाव, कोलाचे, बांधून देऊ का?” मी नको म्हटलं, तिनं परत विचारलं, मी परत नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतले, आणि या सगळ्यात उशीर झाला. बाहेर ओळीनं चौदा पिकअप. सगळ्यांच्या किल्ल्या आतच, देवाच्या भरवशावर. मी माझ्या पिकअपमध्ये बसले, किल्ली फिरवली आणि निघाले. अशी चूक कोणाचीही होईल. एकाच कंपनीच्या पिकअप, एकाच मापाच्या, एकाच धुळीनं माखलेल्या. साठ मैल गेल्यावर पायाजवळून कोणीतरी खाकरलं. तुझा कुत्रा. तोवर इतकं अंतर कापलं होतं की परत फिरणं म्हणजे माघार झाली असती. माझी पिकअप चर्चपाशी आहे, किल्ली आतच आहे, ती वापर.

कुत्रा बरा आहे. मात्र गाडी कशी चालवावी याबद्दल त्याला फार मतं आहेत. थांबायची पाटी आली की तो उठून बसतो आणि कण्हतो. मी थांबते. तसे आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो आहोत.

इकडच्या पश्चिमेकडच्या लोकांच्या रीतीभाती मात्र साफ गेल्यात. स्टिअरिंगवरचं बोट उचलून मी रस्त्याकडेच्या एका इसमाला नमस्कार केला. तो ढिम्म. पुढं आणखी एक. तोही तसाच, हात खाली सोडून उभा. असे सात मोजले.

इथल्या कॅफेतली मुलगी गोड आहे. तिनं मेनू पुढं केला. मी म्हटलं, “नेहमीचंच आण.” ती म्हणाली, “बाई, तुम्ही पहिल्यांदाच आलात ना?” मी म्हटलं, “मग तुमचं नेहमीचं आण.” चिकन आणि भरपूर बटाटा आला. चांगला होता.

निवेदनावर चाळीस सह्या आहेत, लॅडी. एक्केचाळीस माणसांच्या गावात चाळीस! क्राटोच्विलांच्या तान्ह्या नातीचासुद्धा अंगठा घेतला. फक्त एक सही नाही. जुलैत मी तुझ्या दारी आले. जाळीच्या दारातून नकाशा आणि पेन पुढं केलं. तू नकाशा घेतलास, खूप वेळ पाहिलास, मग माझ्याकडे पाहिलास, आणि नकाशावर एका जागी बोट टेकवून उभा राहिलास. मला कळलं ते बोट कुठं होतं. वेल्टनवर! ‘गाव गेलं तर गेलं, वेल्टनला जा,’ हेच ना? सत्त्याऐंशी साली शाळा वेल्टनच्या घशात घालताना तुझं हेच म्हणणं होतं. मी पेन काढून घेतलं आणि पायऱ्या उतरले. उतरताना एक पायरी चुकली, तू दार उघडून धावलास, पण मी हात झटकला.

सांगायचं एवढंच की मला त्याचं काही वाटत नाही.

तुझी, न्यायासाठी घराबाहेर पडलेली,
लिबी

ता. क. एका टपालपेटीनं आपल्या गाडीला डाव्या बाजूनं थोडं घासलं. रंग फारसा गेला नाही.


रस्त्याच्या कडेला, स्टॉकरच्या अलीकडे नव्वद मैल
मंगळवार, ८ ऑक्टोबर १९९६

लॅडी,

गुडघा शेकतोस ना? आज माझा सरकारी सत्कार झाला. क्रमानं सांगते.

सकाळपासून वाळूच्या टेकड्यांतून चालले होते. नुसतं गवत आणि आभाळ. जरा वेळानं आरशात काहीतरी हलताना दिसलं, म्हटलं मागं एखादी मालगाडी असेल. ती मालगाडी नव्हती. माझ्यामागं एकोणीस वाहनं रांगेत होती. लॅडी, एकानंही हॉर्न वाजवला नाही! इतक्या दिवसांत मला आपल्या राज्याबद्दल असा अभिमान वाटला नव्हता. मग त्यांच्यामागून लाल-निळे दिवे आले.

पोलीस डेप्युटी तरुण होता. टिलमन नाव. टोपी काढून खिडकीशी वाकला.

“नमस्कार, बाई. छान दिवस आहे.”

“अतिशय.”

“ऊन जरा जास्तच आहे म्हणा. डोळ्यांवर येतं.”

“माझ्या येत नाही.”

“नाही, तुमच्या येतं असं नाही. लोकांच्या येतं.” त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तुमचा वेग बावीस मैल होता.”

“पाटीवर किती आहे?”

“पासष्ट.”

“मग मी कायदा मोडला नाही.”

“छे छे. उलट एवढा कोणी पाळत नाही.” बिचारा मान खाली घालून उभा. “गाडी तुमचीच ना?”

“अर्थात.”

“म्हणजे, नंबर लॅडिस्लाव हावरानेक यांच्या नावावर आहे. आणि तुमच्या नावावर पांढरी पिकअप आहे, असं ऑफिसातून सांगतात.” त्यानं पिकअपच्या दाराकडं पाहिलं. “ही लाल आहे, बाई.”

मी म्हटलं, “धूळ बसली आहे.”

तो म्हणाला, “हो, धूळ फार आहे.”

मग तो त्याच्या गाडीत जाऊन रेडिओवर बराच वेळ बोलला. मी तोवर तुझ्या कुत्र्याला कोलाचा दिला. परत आला तेव्हा चेहरा खुललेला.

“ऑफिसानं फोन जोडून दिला, तुमच्या भावाशी बोलणं झालं. गाडी त्यांनीच तुम्हाला दिली आहे म्हणाले. तक्रार नाही. आणि निरोप आहे.” त्यानं वहीत पाहून वाचलं. “‘दुसरा गिअर अडतो, क्लच दोनदा दाब. कुत्र्याला गोड देऊ नको.’”

लॅडी, नऊ वर्षं. नऊ वर्षांत तुझी ही पहिली दोन वाक्यं, आणि ती मला एका परक्या पोरानं वाचून दाखवली. मी विचारलं, “आणखी काही?” तो म्हणाला, “बराच वेळ श्वास ऐकू येत होता.”

कुत्र्याचा निरोप उशिरा मिळाला. परिणाम सीटवर आहेत. मी पुसलं.

यानंतर सत्कार. टिलमन म्हणाला, “बाई, मलाही योगायोगानं स्टॉकरलाच जायचंय. मी पुढं चालतो, तुम्ही माझ्या दिव्यांकडं पाहत मागून या. घाई नाही.” तिसोवच्या प्रतिनिधीला दिवे लावून सरकारी ताफा! प्राचीन अथेन्समध्येही वक्त्याला एवढा मान मिळत नसेल. आत्ता आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो आहोत. तो माझ्यासाठी कॉफी आणायला गेला आहे. मी नको म्हटलं. अजून एकदाच म्हटलंय.

ते लोक, ज्यांनी नमस्कार घेतला नाही, त्यांच्याबद्दल मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “कुठं उभे होते?” मी म्हटलं, “कुंपणाच्या कडेनं, सारख्या अंतरावर.” तो खोकला आणि म्हणाला, “हो, ते लोक फार बोलत नाहीत.”

पिकअपचा डावा दिवा गेला आहे. बहुधा तो आधीच जाण्याच्या बेतात असावा.

लॅडी, एक गोष्ट लिहायची होती, पण कॉफी आली.

लिबी


नीग्रेन यांचं शेत, स्टॉकरच्या पूर्वेला अकरा मैल
गुरुवार, १० ऑक्टोबर १९९६

प्रिय लॅडी,

अक्षर बघून दचकू नकोस. मी जिवंत आहे. ऑर्वल नीग्रेननं दुपारी तुला फोनवर तेवढं सांगितलंच आहे. हे पत्र त्याची बायको मेव्हिस लिहून घेते आहे. तिच्या स्वयंपाकघरात बसले आहे, पुढ्यात तिसऱ्यांदा ॲपल पाय आलेली आहे. तुझा कुत्रा चुलीपाशी झोपला आहे.

आधी कालची सुनावणी. तिच्याबद्दल कोणी तुला दुसऱ्या तोंडून सांगण्याआधी मीच सांगते.

शाळेचं व्यायामगृह. समोर टेबलाशी तीन अधिकारी, आणि जनता आठ. टिलमन धरून नऊ. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मी एकोणीस मिनिटं बोलले आणि मला थांबवायचा कोणाला धीर झाला नाही. लॅडी, आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण होतं. कागद नव्हता हातात. मी म्हटलं, गाव म्हणजे घरं नव्हेत, गाव म्हणजे एकमेकांना नावानं हाक मारायचा अधिकार. मी म्हटलं, ज्या सरकारला एक्केचाळीस माणसं दिसत नाहीत त्याला चार लाखही दिसणार नाहीत, कारण दोष संख्येत नसतो, नजरेत असतो. शेवटी निवेदन टेबलावर ठेवलं. चाळीस सह्या! टाळ्या पडल्या. कॉफी वाटणारी बाई डोळे पुसत होती.

अध्यक्षांचं नाव ट्रेंटल. टक्कल, मवाळ आवाज. ते म्हणाले, “हावरानेकबाई, भाषण फारच सुंदर झालं.”

“भाषण नको, निर्णय द्या.”

“हो, हो. माझी एक छोटी अडचण आहे. म्हणजे अडचण नव्हे. तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर.”

“बोला.”

त्यांनी शेजारच्यांकडं पाहिलं. शेजारच्यांनी छताकडं पाहिलं.

“गाव आहे, बाई. नकाशावर. हे काय, वेल्टनच्या थोडं वर. ठिपका आहे, नावही आहे. जरा बारीक छापलंय खरं. आमचीच चूक म्हणा ना.”

मी विचारलं, “कधी घातलंत?”

ते म्हणाले, “पहिल्या मसुद्यापासून आहे.”

मी म्हटलं, भिंग आणा. शाळेच्या वाचनालयातून भिंग आणलं. टिलमननं माझं बोट धरून त्या जागी नेलं. मी भिंग इकडं केलं, तिकडं केलं, मान वाकडी केली, आणि कडेनं, अगदी कडेनं, दिसला. मुंगीच्या अंड्याएवढा. तिसोव.

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नऊच्या नऊ माणसं एकदम उठून खुर्च्या घडी करायला लागली.

लॅडी, मग मला ते चाळीस जण आठवले. योझेफानं सही केली तेव्हा नकाशा तिच्या टेबलावर पसरलेला होता. तिचा अंगठा कुठं होता ते आता मला माहीत आहे: ठिपक्यावर. “हो ना बाई, फारच अन्याय,” ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली. टपालवाल्यानं केली. फादर यांनी केली! चाळीस माणसांनी, धडधाकट डोळ्यांनी ठिपका बघत, ठिपका नाही म्हणून सही ठोकली, कारण बाईला वाईट वाटेल. अडतीस वर्षं मी या लोकांना शिकवलं. उत्तर चुकलं तरी हरकत नाही, पण स्वतःचं द्या, असं सांगत आले. आणि शेवटी सगळ्यांनी माझ्याच पाटीवरून उत्तर उतरवलं.

एकानं उतरवलं नाही. त्यानं जाळीच्या दारात उभं राहून ठिपक्यावर बोट ठेवलं.

मेव्हिस म्हणते आहे, थांबा, थोडी ॲपल पाय खा. मी नको म्हटलं.

आता डोळ्यांचं. एप्रिलमध्ये वेल्टनच्या डॉक्टरनं तपासलं. म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मधोमध खराबी आहे, कडेचं दिसेल, समोरचं जात राहील, चष्म्यानं काही होणार नाही, गाडी आजपासून बंद. मी ते त्याचं मत समजले. वेल्टनच्या माणसाचं मत. घरी गाडी चालवतच आले. पुस्तकं कॅसेटवर ऐकायला लागले आणि सगळ्यांना सांगितलं की ग्रंथ मुळात ऐकण्यासाठीच असतात. कोणाला कळलं नाही असं मला वाटायचं. आता वाटतं, माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं होतं. तुझी पिकअप लाल आहे, लॅडी. माझी पांढरी. तुझी चर्चच्या दाराशी होती, माझी पार कोपऱ्यात. धूळ कुठल्याच पिकअपवर नव्हती, आदल्या दिवशी पाऊस झाला होता. आणि ते सात इसम कुंपणाचे खांब होते. तो झाडूवालासुद्धा रडत नव्हता, त्याला सर्दी झाली होती, हे मला तेव्हाच माहीत होतं.

टिलमननं निघताना सांगितलं की ताफा योगायोगानं नव्हता. “तुमचे भाऊ म्हणाले, त्या बाजूला कोणी जात असेल तर बरं होईल.” तो परतीलाही सोबत यायला तयार होता. मी त्याला खोटं सांगितलं, माझे इथं नातेवाईक आहेत, ते पोचवतील. रात्र मोटेलात काढली आणि आज साडेअकराला एकटी निघाले. हो, सगळं कळूनही. डॉक्टर, नकाशा, डेप्युटी, तिघांनी सांगितलं, तरी निघाले.

अकराव्या मैलावर चौक होता. भर दुपार, बारा वाजलेले. कुत्रा कण्हला. मी त्याला म्हटलं, “गप्प बस, मला दिसतंय.” आणि मग समोरचं सगळं एकदम हिरवं झालं.

ट्रॅक्टर होता. दोन मजली घराएवढा, हिरवागार, भर उन्हात. मला तो कुंपणाच्या पलीकडचं शेत वाटला. मी चाक फिरवलं, गाडी खड्ड्यात गेली, पुढचा बंपर मक्यात. कुत्र्याला काही झालं नाही, मलाही नाही. ऑर्वल नीग्रेन ट्रॅक्टरवरून उतरला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, लॅडी. माझ्या खिडकीशी आला, टोपी काढली आणि म्हणाला, “माफ करा, बाई. मी मध्ये आलो.”

मी म्हटलं, “थांबायची पाटी माझ्या बाजूला होती.”

तो म्हणाला, “हो, पण मीही जरा बघून यायला हवं होतं.”

एवढी संतापलेली मी कधी नव्हते. मी ओरडले त्याच्यावर. “तुम्ही मला शिव्या का देत नाही? मी तुम्हाला मारलं असतं!” तो बिचारा म्हणाला, “चहा घ्याल का?”

त्याच्या बायकोला मघाशी कळलं की नक्की काय झालं होतं. तिनं काय केलं? माझ्यासाठी बिछाना घातला. मी तिला म्हटलं, “मेव्हिसबाई, मी तुमच्या नवऱ्याला चाकाखाली घेतलं असतं, हे लिहा.” ती म्हणाली, “‘थोडक्यात बचावला’ असं लिहू का? ते बरं दिसतं.” मी म्हटलं, नाही, मी सांगते तेच लिहा. तिनं लिहिलं. पेन कागदात घुसलंय बघ.

या भल्या माणसांनी मला मारलं असतं, लॅडी. किंवा मी त्यांना. गोडव्यानं.

इथून पुढचं मी माझ्या हातानं लिहिते. मेव्हिसला कोंबड्या बघायला पाठवलं आहे. ओळी एकमेकींवर चढतील, तू सोडव.

सत्त्याऐंशीची सभा. शाळेत मुलं अकरा उरली होती. तू मंडळावर होतास आणि तुझं मत निर्णायक होतं. तू उभा राहून एवढंच म्हणालास, “मुलं अकरा आहेत.” आणि बसलास. मी चाळीस मिनिटं बोलले. त्या अकराबद्दल एक शब्द बोलले नाही, कारण आकडा खरा होता. म्हणून तुझ्याबद्दल बोलले. शेवटचं वाक्य असं होतं: “ज्याच्या घरात पाळणा हलला नाही, त्याला शाळेचं दुःख काय कळणार?” टाळ्या पडल्या. तुझी डोलोरेस मागं कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिनं किटली टेबलावर ठेवली, कोट घेतला, तू टोपी घातलीस आणि तुम्ही दोघं निघून गेलात. टाळ्या चालूच होत्या. तेव्हाही सगळे भले होते.

ते वाक्य मला आयत्या वेळी सुचलं नव्हतं. घरी तयार केलं होतं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही.

डोलोरेस वारली तेव्हा मी भाजलेल्या बदकाचं भांडं तुझ्या ओसरीवर ठेवून, घंटी न वाजवता परत आले. भांडं धुऊन परत आलं, माझ्या ओसरीवर, तूही घंटी वाजवली नाहीस. आपण दोघं आपल्या आईची मुलं खरी.

वाक्य परत घेता येत नाही हे अडतीस वर्षं व्याकरण शिकवणाऱ्या बाईला कळतं. मी चुकले, असं लिहिते. नुसतं चुकले नाही, मुद्दाम केलं. नुसती माफी मागितली तर तू मान हलवशील, ‘जाऊ दे’ म्हणशील, आणि तूही त्या चाळीस जणांत जाशील. तसं करू नकोस. तू एकटा उरला आहेस ज्यानं मला कधी खोटी सही दिली नाही.

मंगळवारी, पंधरा तारखेला, सकाळी सव्वासातला वेल्टनहून पश्चिमेकडची बस सुटते. वेल्टनला बस आहे आणि आपल्याकडं नाही, हे मी मान्य करते. ती बस धर. स्टॉकरला ऑर्वल न्यायला येईल. तुझी पिकअप त्यानं खड्ड्यातून ओढून काढली आहे, ती चालते. तू स्टिअरिंगवर बस आणि मला घरी घेऊन चल. चारशे मैल आहेत. शाळेबद्दल, त्या वाक्याबद्दल, डोलोरेसबद्दल, माझ्या डोळ्यांबद्दल, जे खरं असेल ते मला तोंडावर सांग, सगळं सांग, आणि मऊ करून सांगू नकोस. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

ये, लॅडी.

ऐकून घ्यायला बसलेली,
तुझी बहीण
लिबी